भादव्यात येजा

कोतवालभाऊ चपला हातात घेऊन चालत. त्यांच्याकडे चपला नव्हत्या असं नाही. टायरच्या, जाड तळाच्या, गोंडपिपरीच्या बाजारातून घेतलेल्या चांगल्या चपला होत्या. डांबरी रस्त्यावर त्या पायात असत. रस्ता सोडून वावरात पहिलं पाऊल टाकायचं झालं की ते थांबत, वाकून चपला काढत, एकीवर एक ठेवून डाव्या हातात धरत आणि भर मे महिन्यात, बुटाच्या आतसुद्धा जिथे माझे पाय भाजत, तिथे अनवाणी चालू लागत. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही कंजुषी आहे. चपला झिजू नयेत म्हणून हा माणूस पाय भाजून घेतो आहे. तसं मी बोलूनही दाखवलं. तेव्हा माझं तोंड फार चालायचं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "चपला रस्त्यासाठी आहेत, बाबू. वावराले टाच लागते."

चार पावलं चालायचं, उजवी टाच जमिनीवर हलकेच आपटायची, कोणाच्या दाराची कडी वाजवावी तशी, आणि जरा थांबायचं. मग पुढची चार पावलं. खाली पाणी धरून ठेवणारी जमीन कितीही वाळली तरी टाचेला वेगळी लागते, असं त्यांचं म्हणणं. मी दोनतीनदा बूट काढून आपटून पाहिलं. मला चटका सोडून काही लागलं नाही.

मी तालुक्याच्या कचेरीत मोजणीदार होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. मूळचा चंद्रपूरचा. किल्ल्याच्या भिंतीलगत अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि आमच्या घराण्यात सरकारी नोकरीला लागलेला मी पहिला, त्यामुळे अंगात जरा जास्तच वारं शिरलेलं. गावात गेलो की शाळेच्या खोलीत माझा मुक्काम असे. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यातली निम्मी माणसं अजून तिथे राहतात आणि मला पुन्हा कधी तिथे जावंसं वाटलं तर तोंड दाखवायला जागा हवी.

कोतवाल म्हटलं की शहरातल्या लोकांना पोलिसातला कोणी बडा अधिकारी वाटतो. गावचा कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा माणूस. दवंडी देणारा, नोटिसा पोचवणारा, साहेब आला की खोली झाडून माठ भरून ठेवणारा. कोतवालभाऊंच्या वडिलांच्या काळी हे काम जातीचं होतं. गावची सीमा कुठून जाते, कोणाचं वावर कुठे संपतं, पाणी कोणत्या अंगानं उतरतं, हे महारानं सांगायचं आणि गावानं मानायचं. त्या बदल्यात मेलेली ढोरंही त्यानंच ओढायची. छप्पन साली सगळी वस्ती बौद्ध झाली. दुसऱ्या दिवशी गावात एक बैल मेला आणि तो दोन दिवस तसाच पडून राहिला. ही गोष्ट कोतवालभाऊ फार चवीनं सांगत. तेव्हा ते विशीतले होते. "ढोरं सोडली," ते म्हणत, "पण बापानं सीमा नाई सोडली. मले हरेक वावरातून चालवलं. म्हणे, हे आपलं शिक्षण आहे, हे कोणाले देऊ नको फुकट." पुढे सरकारी कोतवालाची जागा निघाली तेव्हा सातवी पास आणि सीमा पाठ असलेला गावात एवढा एकच माणूस होता.

त्या वर्षी वरून पत्र आलं की खाजगी जमिनीतल्या पाणथळ जागांची यादी करा. मोठे तलाव कागदावर होतेच. पण आमच्या भागात धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध लोकांच्या स्वतःच्या बोड्या, लहान तळी, असतात. आजानं मातीची पाळ घालून पाणी अडवलेलं, नातू अजून त्यावर धान पिकवतो. या बोड्यांना कोणी वाली नव्हता. मालकाच्या मनात आलं की बुजवली, झाली जमीन सपाट. यादीत नाव लागलं तर परवानगीशिवाय बुजवता येणार नाही, असं पत्रात होतं. चांगलं पत्र होतं. फक्त ते आमच्या टेबलावर येईपर्यंत एप्रिल संपत आला आणि यादी मागितली होती मेअखेर.

आता मोजणी उन्हाळ्यातच होते. वावरं मोकळी असतात, साखळी कुठे अडकत नाही, शेतकरी घरी सापडतो. साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना हे इतकं अंगवळणी पडलेलं की पाणी शोधायला आपण वर्षातला सगळ्यात कोरडा महिना निवडला आहे, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. छापील फॉर्म होता. पाणी आहे की नाही, पाळ आहे की नाही. दोन्ही नसेल तर एकच शब्द लिहायचा, पडीत.

एकदा मी कोतवालभाऊंची परीक्षा घ्यायची ठरवली. रस्त्याकडेला एक खोलगट जागा होती, चांगली गार, हिरवट. मी म्हटलं, भाऊ, ही बोडी लिहू का? त्यांनी चपला काढल्या, आत गेले, टाच आपटली, परत आले आणि शांतपणे चपला घातल्या. "लिहा जी. इथी पाटलाच्या म्हशी बसतात. म्हशीची बोडी लिहा." माझे दोन्ही साखळीवाले हसून हसून खाली बसले. त्यानंतर मी त्यांची परीक्षा घेण्याच्या भानगडीत पडलो नाही.

लोकांचा मात्र आमच्यावर विश्वास नव्हता. यादीत बोडी गेली की सरकार जमीन घेणार, अशी आवई उठली होती. एका गड्यानं आम्ही येण्याच्या आदल्या दिवशी कोरड्या बोडीत चक्क नांगर फिरवला आणि पाळ दोन ठिकाणी फोडून ठेवली. मी तावातावानं त्याला नियम सांगू लागलो. कोतवालभाऊंनी मला हातानं मागे सारलं. फुटलेल्या पाळीवर जाऊन बसले, तंबाखू मळली, अर्धी त्याला दिली. म्हणाले, "तुह्या आजानं ही पाळ बांधली तवा माहा बाप माती टाकाले होता. तुले नको असंन त सांग. आजाचं नाव खोडून टाकतो कागदावरून." त्या गड्यानं तंबाखू तोंडात टाकली, फुटक्या पाळीचं एक ढेकूळ उचलून जागेवर ठेवलं. मग म्हणाला, लिहा. दुसऱ्या दिवशी त्यानं पाळ परत बांधायला घेतली. अशा तेवीस-चोवीस बोड्या आम्ही त्या गावात लिहिल्या आणि त्यातली एकही मी शोधली असं म्हणायची माझी छाती नाही.

त्यांची आणखी एक सवय होती, तिचा मला फार राग यायचा. दिवसभर उन्हात फिरूनही ते पाणी पीत नसत. खांद्याला भोपळ्याचा तुंबा असे, त्यातलं पाणी मला देत, साखळीवाल्यांना देत. स्वतः एक घोट नाही. कोणी शेतकऱ्यानं गडवा पुढे केला तर हात जोडत. "घरचं पाणी घरी पेतो," एवढंच. मी चिडून म्हणायचो, भाऊ, ऊन लागून मराल एखाद्या दिवशी आणि पंचनामा मला करावा लागेल. ते हसत. काळ्या चेहऱ्यावर एक दात पुढे आलेला, तो हसताना आधी दिसायचा.

यामागचं कारण त्यांच्या घरी चहाला गेलो तेव्हा कळलं. वस्ती गावाच्या उताराला. वस्तीच्या तोंडाशी दगडी बांधाची विहीर, भर मेमध्ये हात दीड हात पाणी, आणि ते गोड. जुन्या काळी या लोकांना गावच्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. कोणी वरून ओंजळीत पाणी ओतलं तर प्यायचं, नाहीतर तहानेनं बसायचं. छप्पन सालानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सगळ्या वस्तीनं मिळून ही विहीर खणली. जागा कोतवालभाऊंच्या वडिलांनी दाखवली. पाणी लागलं त्या दिवशी वडिलांनी तरण्या पोरांना विहिरीत उभं केलं आणि त्यांच्याकडून वदवून घेतलं की आता ओंजळ पुढे करायची नाही, गावच्या विहिरीचं पाणी प्यायचं नाही, प्यायचं ते आपलं पाणी, आपल्या वस्तीत येऊन. कोतवालभाऊंनी हे अक्षरशः पाळलं. सबंध दिवसाचं पाणी ते त्या विहिरीवर येऊन प्यायचे. तीन गडवे, उभ्यानं, डोळे मिटून. मग मिशा पुसून म्हणायचे, "आता बोला, बाबू."

यादी संपत आली तेव्हा एक दिवस ते मला वस्तीच्या वरच्या अंगाला घेऊन गेले. तिथे चारपाच एकराचं एक सपाट रान होतं. मालक जुन्या मालगुजाराचा नातू, राहायला नागपूरला, जमिनीकडे ढुंकून पाहत नव्हता. ना पाळ, ना खड्डा. वाळलेलं पिवळं गवत आणि भेगाळलेली काळी जमीन, भेगेत माझी पट्टी हातभर आत गेली. वस्तीतले लोक या जागेला आंधळी बोडी म्हणत, पाळ नाही म्हणून आंधळी. कोतवालभाऊंनी टाच आपटली नाही. नुसते उभे राहिले. "हे लिहा जी सगळ्यात आधी," ते म्हणाले. "आमची इहीर याच्यावर जगते. बरसातीत इथी मांडीभर पाणी राह्यते. दिवाळीपर्यंत दिसते, मंग खाली जाते. दिसत नाई, पण असते. उन्हाळाभर आमच्याकडे उतरून राह्यते."

मी चारही बाजूंनी पाहिलं. म्हटलं, भाऊ, फॉर्मात काय लिहू? पाणी नाही, पाळ नाही.

त्यांनी पुरावे काढले. एका अर्जुनाच्या खोडावर गुडघ्याच्या वर पाण्याची फिकट रेघ दाखवली. गवताची मुळं उपटून वास घ्यायला लावला. मग बसून भेगेत हात घातला आणि मूठभर गोगलगायी काढल्या, तोंड घट्ट मिटलेल्या, खड्यासारख्या वाळलेल्या. त्यातली एक शाळेच्या खोलीत येऊन माझ्या स्टीलच्या ग्लासात, पाण्यात टाकली. म्हणाले, चहा होईपर्यंत थांबा. चहा झाला, दुसरा झाला. संध्याकाळच्या सुमारास ती गोगलगाय उघडली आणि ग्लासाच्या भिंतीवर हळूहळू चढू लागली. साखळीवाले तोंडं वासून पाहत होते. "निजली होती," कोतवालभाऊ म्हणाले. "मेली नोयती. कोरड्या वावरात ही कायले राहीन? सांगा."

मला पटलं होतं. हे मी आज कबूल करतो. त्या क्षणी मला शंभर टक्के पटलं होतं. पण फॉर्मात गोगलगायीचा रकाना नव्हता. आणि परवा यादी द्यायची होती.

"भादव्यात येजा, बाबू," ते म्हणाले. "एक दिवस येजा. मी मांडीभर पाण्यात उभा राहून दाखवतो. मंग लिहा."

मी म्हटलं, आत्ता दिसतं ते लिहितो, भादव्यात येऊन दुरुस्त करू. आणि लिहिलं, पडीत. पंच म्हणून खाली कोतवालाची सही लागते. ते सही करण्याआधी सगळा कागद वाचत, बोट ठेवून. त्या शब्दाशी बोट थांबलं.

"हे पडीत काऊन लिहिलं?"

"तात्पुरतं आहे, भाऊ."

"दुरुस्ती होते का?"

"होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. सुंदर सही होती त्यांची, प्रत्येक अक्षर सुटं, पाटीवर गिरवल्यासारखी.

भादव्यात मी गेलो नाही. आजारी नव्हतो, बदली झाली नव्हती. जिवतीकडे दुसरं काम निघालं, मग रस्ता वाहून गेला, मग विसरलो. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण लोकांनी उगीच केलेली नाही. अब्बांच्या दुकानात मी लहानपणापासून बसलेला. ट्यूबचं भोक कोरड्यात दिसत नाही, हवा भरून ट्यूब पाण्यात धरावी लागते, तेव्हा बुडबुडा येतो. जी गोष्ट पाण्यातच दिसते ती पाण्यातच पाहायची, हे मला तरी कोणी शिकवायला नको होतं.

मी गेलो नाही म्हणून तेच आले. भादव्याच्या शेवटी, एस.टी.नं, कचेरीत. त्या दिवशी अंगावर धुतलेला सदरा, पायात चपला. पळसाच्या पानांत गुंडाळलेला ओला जुडगा त्यांनी माझ्या टेबलावर उघडला. त्यात दोन पांढरी कमळं होती आणि देवधानाच्या लोंब्या. देवधान म्हणजे कोणी न पेरता पाण्यात आपोआप येतं ते रानधान. आंधळ्या बोडीतून सकाळीच तोडून आणलेलं. टेबलावरच्या फायली भिजल्या. पलीकडचा कारकून म्हणाला, "काय साहेब, सत्कार आहे का आज?" सगळे हसले. मीही हसलो. हे मला विसरायचं आहे आणि विसरता येत नाही.

मी त्यांना दुरुस्तीचा अर्ज लिहून दिला. त्यांनी पुन्हा ती पाटीवरची सही केली. अर्ज आवक बारनिशीत चढला, मग साहेबांच्या टेबलावर गेला, मग कुठल्यातरी लाल कापडात बांधला गेला. दर दोनतीन महिन्यांनी कोतवालभाऊ येत, वऱ्हांड्यात बसत आणि मी बाहेर आलो की उठून विचारत, "बाबू, झाली का जी दुरुस्ती?" मी म्हणायचो, वर पाठवली आहे. खोटं नव्हतं ते. पण ती परत खाली आणण्यासाठी मी बोटही हलवलं नव्हतं.

तीनएक वर्षं अशीच गेली. मालगुजाराच्या नातवानं नागपुरात बसून ते रान विकलं. घेणाऱ्याला राईस मिल घालायची होती. त्यानं आधी ट्रक लावले. राख, मुरूम, कुठल्यातरी पाडलेल्या इमारतीचा मलबा, येईल ते. पहिला ट्रक आला तेव्हा कोतवालभाऊ, आता निवृत्त झालेले, चपला हातात घेऊन रानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. वस्तीतली दहा-पंधरा माणसं मागे होती. मिलवाला काही गुंड नव्हता. त्यानं गाडीतून उतरून नमस्कार केला, खिशातून यादीची नक्कल काढली आणि म्हणाला, "भाऊ, मी सगळं पाहूनच घेतलं आहे. हे पडीत आहे. तुमचीच सही आहे ना ही?"

कोतवालभाऊंनी कागद हातात घेतला. बोट ठेवून वाचला. मग बाजूला झाले.

हे मला वस्तीतल्या दुसऱ्या माणसानं सांगितलं. ते स्वतः दोन दिवसांनी कचेरीत आले तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, "माह्या सहीनं बुजली, बाबू."   ते वऱ्हांड्यात बसलेही नाहीत, नेहमीसारखे हात जोडले आणि एस.टी. पकडायला गेले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात वस्तीची विहीर आटली. चाळीसएक वर्षांत पहिल्यांदा तळाचा खडक दिसला. पोरांनी उतरून गाळ काढला, आणखी दोन हात खणलं, ओलसुद्धा लागली नाही. काळ बदलला होता. गावच्या विहिरीवर आता कोणी कोणाला अडवत नव्हतं, उलट सरपंचानंच निरोप पाठवला की या, भरा. वस्तीतल्या बाया जाऊ लागल्या. कोतवालभाऊंच्या घरची सूनही जाऊ लागली. तिला त्यांनी एका शब्दानं अडवलं नाही. फक्त स्वतः ते पाणी तोंडाला लावलं नाही.

मी शेवटचा भेटलो तो त्यानंतरच्या मार्चमध्ये. माझी आलापल्लीकडे बदली झाली होती, निघण्याआधी गेलो. ते घरी नव्हते. सुनेनं सांगितलं, "बाबा नदीवर गेले जी. येतीन." नदी दीड कोस. घटकाभरानं आले, खांद्यावर लहान घागर, तोंडाला ओला रुमाल बांधलेली. वाळूत हातानं झिरा उकरायचा, पाणी निवळेपर्यंत बसायचं, भरून आणायचं. रोज. एकट्यापुरतं. साठी उलटलेला माणूस. मी म्हटलं, भाऊ, हा कसला हट्ट? तुमचे वडील असते तर तेही म्हणाले असते की आता त्या विहिरीचं प्यायला हरकत नाही.

त्यांनी घागर उतरवली, पाटावर ठेवली आणि मला पेला भरून दिला. "म्हणले असते," ते म्हणाले. "पण त्याले विचारता येत नाई ना आता. शब्द माह्याकडं हाये. मी कसा सोडू?" मग स्वतः प्यायले. उभ्यानं, डोळे मिटून, पण एकच गडवा. निघताना दारापर्यंत आले. मला वाटलं आज तरी विचारणार नाहीत. विचारलं. "दुरुस्ती होते का, बाबू, आता?"

मी म्हटलं, "आता तिथे दाखवायला काय आहे, भाऊ?"

"तेई खरं," ते म्हणाले.

मे महिन्यात ते गेले. मला कळायला पंधरा दिवस लागले. आलापल्लीहून गाड्या बदलत पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं, भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली त्यांचा फोटो लागला होता, कोतवालाच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, पुढे आलेला दात मिटल्या ओठांआड. मुलगा बल्लारपूरला कामाला, रजेवर आलेला. त्यानं सांगितलं ते असं. सकाळी गेले ते दुपार झाली तरी आले नाहीत. शोधायला गेले तर नदीपासून अर्ध्या वाटेवर, एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पळसाच्या सावलीत टेकून बसलेले दिसले. सावली केव्हाच सरकून गेली होती. चपला बाजूला, एकीवर एक. घागर मांडीशी.

"घागर भरून होती जी, साहेब," मुलगा म्हणाला. "वरचा रुमालबी सोडला नोयता. डॉक्टर म्हणे, ऊन लागलं. दोन घोट पेले असते त वाचले असते." मग म्हणाला, "समजत नाई. एवढं पाणी जवळ असून पेले काऊन नाई."

मला समजलं होतं. घरचं पाणी घरी पेतो. मी ते त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, की घराजवळचं पाणी दीड कोस लांब कोणी नेलं. सुनेनं पेला आणून दिला. मी तो हातात धरून बसलो आणि तसाच खाली ठेवला.

त्या भादव्यात मी गेलो. रजा टाकून, स्वतःच्या खर्चानं, एक दिवस. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मिलच्या भिंतीबाहेर जेवढी जागा उरली होती तिथे बूट काढले, हातात घेतले आणि चाललो. चार पावलं चालायचं, टाच आपटायची. राखेवर मुरूम, मुरुमावर चुना आणि कोंडा. पाऊस नुकताच होऊन गेला होता आणि सगळं पाणी एका नालीतून रस्त्याकडे धावत होतं. मी त्या टोकापासून या टोकापर्यंत तीनदा फिरलो.

मिलचा चौकीदार फाटकातून पाहत होता. परगावचा, नवा. न राहवून जवळ आला. "काय पाहून राह्यले, साहेब?"

"इथे बोडी होती," मी म्हटलं.

"बोडी?" त्यानं आजूबाजूला पाहिलं, मग माझ्या हातातल्या बुटांकडे. "नाई जी. इथी बोडी कुठली. पहिलेपासून पडीत होतं हे. मालकाजवळ कागद आहे तसा."

मी हो म्हटलं. तो कागद माझ्याच अक्षरात होता.